नळी तुंबली नव्हती

माझा स्वभाव संशयी आहे, हे माझी बायको पाहुण्यांना चहाबरोबर सांगते. मी म्हणतो, तो स्वभाव मला डाळिंबानं लावला. आमच्या अंथुर्ण्याच्या शिवारात ज्यानं डाळिंब केलंय त्याला वेगळं सांगायला नको. एका फळावर मोहरीएवढा तेलकट डाग दिसला आणि त्याकडं काणाडोळा केला, की पंधरा-वीस दिवसांत सगळी बाग तडकते. तेल्या म्हणतात त्याला. तो हातानं पसरतो, कात्रीनं पसरतो, कपड्यांनी पसरतो. म्हणून माझ्या बागेच्या फाटकातून बाहेरचं माणूस आत येत नाही आणि एका झाडाची कात्री औषधात बुडवल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लागत नाही. सख्ख्या मेव्हण्याच्या बागेत तेल्या आला, त्या वर्षी मी त्याला बांधावर उभा करून चहा पाजला होता. तो अजून रुसलेला आहे. असू दे. त्या वर्षी माझी बाग वाचली.

त्यामुळं तीन वर्षांपूर्वी, हिवाळ्यात, माझ्या कोपरावर रुपयाएवढा लाल डाग आला आणि त्यावर पांढरा पापुद्रा धरला, तेव्हा मी तो फळावरच्या डागासारखाच बघितला. हा आला कुठून, आणि कुणी आणला?

आधी मला नव्या फवारणीच्या औषधाचा संशय आला. मग बायकोनं बदललेल्या साबणाचा. मग लोणी देवकरच्या कारखान्यांच्या धुराचा. ते कारखाने आमच्यापासून चांगलेच लांब, वाराही बहुतेक दिवस उलटा, पण मी दोन दिवस सकाळी उठून आभाळाचा वास घेत होतो. तोवर दुसऱ्या कोपरावर डाग आला, गुडघ्यावर आला, डोक्यात आला. टोपी झटकली की कोंडा पडायचा. शेवटी माझा संशय येऊन बसला तो माझ्या धाकट्या भावावर.

आमची जमीन वाटली गेली आहे, पण शेततळं सामायिक आहे. त्याचीही डाळिंबंच. त्या हिवाळ्यात त्यानं ठिबकला ॲसिड दिलं होतं. आमचं पाणी क्षारांचं, नळ्यांमध्ये आतून खडूसारखा थर धरतो, तुपाच्या धारेसारखं पाणी यायला लागतं आणि मग थेंबावर येतं. तेव्हा पाण्यातून हलकं ॲसिड सोडायचं, नळ्यांची टोकं उघडायची, सगळी घाण बाहेर. हे आम्ही सगळेच करतो. पण माझ्या डोक्यात आलं, की ह्यानं ॲसिडचं पाणी उलटं तळ्यात उतरवलंय.

पुरावेही मिळत गेले. ऊन तापायला लागलं तरी भाऊ पूर्ण बाह्यांचा सदरा घालायचा, मनगटाचं बटण लावून. पूर्वी तो हौदावर उघडा होऊन अंघोळ करायचा, ते त्यानं कधीचंच बंद केलं होतं. एकदा मी पाण्याच्या मोटारीच्या खोलीत अचानक शिरलो तर त्यानं एक मलमाची नळी घाईघाईनं खिशात घातली. माझ्या कोपराकडं त्याची नजर जायची आणि लगेच वळायची. ज्याच्या पोटात काही नाही तो माणूस असा वागत नाही, असं मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अवो, भाऊ हाय त्यो तुमचा. इच्यारा की त्येला सरळ."

सरळ विचारलं तर संशयाला काय उरलं?

मी तळ्याचं पाणी बाटलीत भरून बारामतीला तपासायला दिलं. पाणी जड आहे, बाकी काही नाही, असा अहवाल आला. मग मला तपासणाऱ्याचाच संशय आला. आठवड्यानं तळ्याच्या दुसऱ्या कोपऱ्यातून बाटली भरली आणि स्वतःच्या नावावर न देता बायकोच्या नावावर दिली. अहवाल तोच आला.

इथं मला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ती त्या वेळी मी कुणापुढंच काढली नव्हती.

आमच्या वडिलांना, आबांना, म्हातारपणी अंगावर असेच डाग आले होते. पाठीवर, नडग्यांवर. अंथरूण झटकलं की पांढरे पापुद्रे उडायचे. तेव्हा घराचा कारभार नुकताच माझ्याकडं आला होता आणि घरात लहान लेकरं होती. कोणत्या डॉक्टरनं मला काही सांगितलं नव्हतं. मीच ठरवलं. त्यांची बाज मोटारीशेजारच्या खोलीत हलवली. त्यांचं ताट वेगळं केलं. कुणाच्या तरी लग्नात मिळालेलं स्टीलचं ताट होतं, त्यावर आबांचं नाव कोरलेलं होतं. पण घासताना कोण नाव वाचत बसतंय, म्हणून मी छिन्नीनं त्याच्या काठाला एक खाच पाडली. चुकूनसुद्धा दुसऱ्या ताटांत मिसळायला नको. आबा समोरच बसले होते. ते फक्त म्हणाले, "बरं."

सहा वर्षं ते त्या खोलीत जेवले. दूध, औषध, नवी घोंगडी, मी काही कमी पडू दिलं नाही, आणि हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. फक्त त्यांच्या शेजारी बसून कधी जेवलो नाही. भाऊ मात्र आपलं ताट घेऊन तिकडं जायचा. मी त्याला दोनदा दरडावलं, घरात लेकरं हायत म्हणून. तो ऐकून घ्यायचा आणि संध्याकाळी परत जायचा. आबा गेल्यावर त्यांचं अंथरूण जाळलं आणि ताटाची विल्हेवाट लावायला मी भावालाच सांगितलं.

तर डाग पाठीवर उतरले तेव्हा बायकोनं हट्टानं मला बारामतीच्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाई तरुण होत्या. त्यांनी काचेच्या पट्टीनं डागावरचा पापुद्रा खरवडला, तर खाली सुईच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके आले. ते बघून त्यांना काहीतरी पटल्यासारखं दिसलं. मग कातडीचा एक बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला आणि पुढच्या खेपेला सांगितलं, सोरायसिस आहे. तेल्यासारखं काही आहे का, हे मी विचारलं तेव्हा त्या हसल्या. "हा एकाचा दुसऱ्याला लागत नाही, काका. जवळ बसून नाही, एका ताटात जेवून नाही. काही घराण्यांत मात्र पिढ्यान्‌पिढ्या दिसतो. तुमच्या घरात कुणाला होता?"

"न्हाय," मी म्हणालो.

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. घरात होता म्हटलं तर आबांना होता. आबांना हाच होता आणि हा लागत नाही, म्हणजे मग ती खोली, ती बाज, ती खाच? त्या वाटेनं मला शेवटपर्यंत जायचंच नव्हतं.

मी बाईंना म्हणालो, लागत न्हाय तर मग आला कुठनं, ते सांगा. त्यांनी केसपेपर उलटा केला आणि पेनानं दोन समांतर रेघा मारल्या. ही रक्ताची बारीक नळी, म्हणाल्या, कातडीच्या खालची. हिच्यातून पांढऱ्या पेशी वाहतात, शरीराचे पहारेकरी म्हणा. निरोगी कातडीत त्या सरळ पुढं निघून जातात. पण काही जणांच्या शरीरात खोटी आवई उठते, की कातडीत शत्रू शिरलाय. ती आवई ऐकून नळीची आतली भिंत बदलते. तिच्यावर बारीक आकडे उगवल्यासारखे येतात. वाहत चाललेली पेशी त्यांना अडखळते, तिचा वेग कमी होतो, ती भिंतीवरून गडगडत, जरा धरत, जरा सुटत पुढं जाते, आणि एका जागी पक्की चिकटते. गवतातून चालताना पायजम्याला कुसळं चिकटतात ना, तशी. मग ती चपटी होते, भिंतीच्या सांध्यातून अंग चोरून बाहेर पडते आणि थेट कातडीत घुसते. तिथं शत्रू कुणीच नसतो. पण आलेले पहारेकरी आरडाओरडा करून आणखी पेशी बोलावतात, भिंतीवर आणखी आकडे येतात आणि त्या धांदलीत कातडी भराभरा वाढून तिचे पापुद्रे पडतात.

"म्हंजे आपलीच मानसं आपल्याच घरात चोर शोधत्यात," बायको म्हणाली. बाईंनी मान डोलावली.

मी मात्र त्या सगळ्यातून दोनच शब्द उचलले होते. नळी, आणि चिकटतात. आयुष्यभर ठिबक संभाळणारा माणूस मी, दुसरं काय उचलणार? "म्हंजे नळी आतनं तुंबलीया," मी म्हणालो. बाई म्हणाल्या, नाही काका, तुंबलेली नाही, रक्त नीट वाहतंय. भिंत चुकीच्या निरोपावर पेशींना थांबवतेय, तो निरोप शांत करायचा आहे. मी हो हो म्हणालो. पण मी ऐकत नव्हतो. नळीला आतून काही चिकटलं तर काय करायचं असतं हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

त्यांनी मलम दिलं आणि रक्त तपासून एक गोळी लिहून दिली, ती आठवड्यातून एकदाच घ्यायची. झालं! आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी कधी ऐकलीय का? मला वाटलं, ही बाई काहीतरी लपवतेय. गोळ्या मी कपाटात कुलपात ठेवल्या.

आणि त्याच आठवड्यात इंदापूरच्या बाजारात मला माझा माणूस भेटला. चादरीवर पुड्या मांडून बसला होता. त्यानं माझं कोपर बघितलं आणि म्हणाला, "रगात साफ करावं लागंल. नळ्या धुऊन काढू आतनं." अगदी माझ्या मनातलं बोलला. डाळिंबाची कात्रीसुद्धा दोनदा तपासून घेणारा मी, त्याला तो कुठला हेसुद्धा विचारलं नाही. पुड्या घेऊन आलो.

घरी आलो तो तडक तळ्यावर गेलो आणि भावाच्या बागेकडं जाणारा व्हॉल्व्ह बंद करून त्याला कुलूप घातलं. भावाला बोलावून सांगितलं, "तुजं पाणी तू बग आता. तुज्या ॲसिडानं माजं अंग गेलं." चैत्र संपत आला होता. त्याच्या झाडांना लिंबाएवढी फळं लटकलेली होती, आणि फुगवणीच्या दिवसांत डाळिंबाचं पाणी तोडणं म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको होतं. मला वाटलं तो भांडेल. मी भांडणाची तयारी करूनच उभा होतो. त्यानं मनगटाचं बटण चाचपलं, खाली बघितलं आणि म्हणाला, "बरं, दादा."

आबांचंच "बरं" होतं ते. मला ते ऐकू आलं, आणि त्यामुळं मी आणखी चिडलो.

पुड्यांनी जादू केली. तीन आठवड्यांत कातडी लहान पोरासारखी झाली. चेहरा भरला, गाल वर आले. पारावरची माणसं म्हणायला लागली, चांगले सुधारलात. मी बायकोला कोपर दाखवून म्हणालो, "बग. ॲसिडाचं पाणी बंद केलं, डाग बंद." नळ्या धुतल्या आणि चोरही पकडला, अशा तोऱ्यात मी दोन महिने फिरलो. भाऊ तिकडं टँकरनं पाणी आणून झाडं जगवत होता. त्याची फळं लिंबाएवढीच राहिली, काही तडकली. मी रोज बांधावरून ती बघायचो. वाईट वाटायचं, नाही असं नाही. पण संशय खरा ठरल्याचं सुख त्याहून मोठं होतं, हे आज लिहितानाही लाज वाटते.

मग एका बाजाराला पुडीवाला आला नाही. पुढच्याही नाही. पुड्या संपल्या, आणि दहाएक दिवसांनी माझं अंग पेटलं. डाग असे राहिलेच नाहीत; डोक्यापासून पायापर्यंत एकच लाल डाग. उन्हात घोंगडी पांघरून मी थडथडत होतो आणि अंथरुणात ओंजळीनं भरावेत इतके पापुद्रे पडत होते. बायकोनं मला न विचारता भावाला हाक मारली.

तो पिकअप घेऊन आला आणि त्यानं मला दोन्ही हातांवर उचललं. माझ्या अंगाचा कोंडा त्याच्या सदऱ्यावर, मानेवर, कानात गेला. त्यानं झटकला नाही. बारामतीपर्यंत मी तेवढंच बघत होतो. हा झटकत का नाही? बायकोपुढं चांगुलपणा मिरवतोय का? एवढ्या तापातसुद्धा डोकं संशयाच्याच कामाला लागलं होतं.

त्याच डॉक्टरीणबाईंनी मला दवाखान्यात ठेवून घेतलं. बायकोनं पुडीचा रिकामा कागद दाखवला. बाई म्हणाल्या, ह्यात बहुतेक स्टेरॉइड मिसळलेलं असणार, चेहरा फुगलाय तो त्यानंच. "त्यानं नळी धुतली नाही, काका. धुण्यासारखं तिथं काही नव्हतंच. त्यानं पहारेकऱ्यांना गुंगी दिली. औषध तुटल्यावर ते सगळे एकदम जागे झाले. आता आपण सावकाश शांत करू." मग कागद पुढं ओढून त्यांनी तोच प्रश्न विचारला, "घरात खरंच कुणाला नव्हता?"

मी तोंड उघडलं होतं. माझ्या तोंडून परत "न्हाय"च आलं असतं. पण पलंगाच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या भावानं मनगटाचं बटण काढलं आणि बाही वर सरकवली. कोपरापासून खाली तेच डाग होते, जुने, औषधानं फिके पडलेले.

"मला हाय," तो म्हणाला. "धा वर्सं झाली. आन् आमच्या आबांला व्हता."

बाईंना आश्चर्य वाटलं नाही. तेव्हा मला कळलं, मोटारीच्या खोलीतली ती मलमाची नळी त्यांच्याच चिठ्ठीवरची होती.

बाई गेल्या, बायको चहा आणायला गेली. पूर्ण बाह्या, हौदावरची बंद झालेली अंघोळ, माझ्या कोपरावरून वळणारी नजर, माझे सगळे पुरावे माझ्यापुढं उभे होते आणि त्यांतला एकही माझ्या बाजूनं बोलत नव्हता. मी त्याला विचारलं, "धा वर्सं? मला का न्हाय सांगितलंस?"

तो खिडकीकडं बघत होता. "सांगून काय झालं असतं, दादा? आणखी एका ताटाला खाच पाडली असती तुमी."

आवाज चढवायला निमित्तसुद्धा सापडत नव्हतं. संध्याकाळी मी बायकोला म्हणालो, घरी गेलीस की किल्ली घे आन् आधी त्यो व्हॉल्व्ह उघड. ती म्हणाली, "कवाच उघडलाय. तुमचं अंग पेटलं, त्याच दिवशी कुलूप तोडलंय म्या." पण तोवर त्याचा बहार गेलेला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ डबा घेऊन आला. पिशवीतून त्यानं एक ताट काढलं आणि माझ्या मांडीजवळ ठेवलं. काठाची खाच मी लांबूनच ओळखली. मला वाटलं, हा आता फेड करायला आला. आज ह्या ताटात मला जेवायला घालणार आणि वर्षानुवर्षं मनात धरलेलं बोलून दाखवणार. त्याच्या जागी मी असतो तर तेच केलं असतं.

"ह्ये मला दावायला आणलंस का?" मी विचारलं.

"न्हाय," तो म्हणाला. "माजं ताट हाय ह्ये. आबा गेल्यापासनं मी ह्यातच जेवतो. निघताना तेवढंच हाताला आलं. तुमच्यासाठी दुसरं घ्यायचं ध्यानातनं गेलं."

त्यानं ताटात भाजी वाढली, भाकरी मोडली, अर्धी माझ्याकडं सरकवली आणि पलंगाच्या कडेवर बसून जेवायला लागला. माझा हात भाजीत पडला की तो आपला हात मागं घेतोय का, हे मी बघत होतो. दोन घास, चार घास. त्यानं हात मागं घेतला नाही. मग माझा अंगठा काठावरच्या खाचेवर गेला. छिन्नीनं पाडली तेव्हा ती खडबडीत होती, हे मला पक्कं आठवत होतं. आता तिथं अगदी गुळगुळीत लागत होतं. मी त्याला विचारलं, हे झिजलं कसं?

"झिजलं न्हाय," तो घास चावत म्हणाला. "तुमी पाडलेल्या खाचंला धार ऱ्हायली व्हती. पयल्याच दिवशी आबांचं बोट कापलं. मंग मी कानशीनं घासून दिली."

आबांचं बोट कापलं होतं. सहा वर्षं ते माझ्या घरापासून पन्नास पावलांवर जेवत होते, आणि मला ते माहीत नव्हतं.